लाइट गेली म्हणून उंदीर जागे होत नाहीत

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. तळमजल्यावरच्या काकांनी टाकला, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हात जोडले, आणि रात्रीपर्यंत तोच मेसेज माझ्या माहेरच्या ग्रुपवरही पोचला. मजकूर थोडक्यात असा : मुंबईतल्या प्रयोगशाळांत जनुकं बदललेल्या उंदरांचे हजारो गर्भ फ्रीजरमध्ये गोठवून ठेवलेत, लाइट गेली तर ते जिवंत होऊन गटारात उतरतील, गोठवल्यानं जनुकं बिघडतात, म्हणून त्यांच्यावरचं संशोधनही खोटं, या नादात जास्त उंदीर मारले जातात, आणि हे सगळं का, तर शास्त्रज्ञांना साठवायची हौस. मी परळच्या बाजूला एका प्राणीगृहात बरीच वर्षं काम करते, हे गर्भ माझ्या हातानं भरते. गप्प बसवेना.

आधी लाइटचं. मुळात तो फ्रीजर नसतोच. गर्भ असतात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, आणि नायट्रोजन असतो दुहेरी भिंतीच्या टाकीत. मोठा थर्मास म्हणा. त्याला प्लगच नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा टाकीला त्याचा पत्ताही नव्हता. खरी काळजी वेगळीच असते. नायट्रोजन रोज थोडा थोडा उडतो, तो वेळेवर भरावा लागतो. पूर्वी एका ठिकाणी होते तेव्हा टाकीच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी निकामी झाली. सोमवारी दार उघडलं तर टाकीच्या गळ्याभोवती पांढरा बर्फ आणि लादीवर पाणी. लाकडी पट्टी आत बुडवून हवेत हलवली. जिथवर पट्टीनं बर्फ धरला तिथवर नायट्रोजन, जेमतेम चार बोटं. धावपळ करून सगळं दुसऱ्या टाकीत हलवलं. उशीर झाला असता तर गर्भ मेले असते, बस.

कारण तो गर्भ म्हणजे बहुधा दोन किंवा आठ पेशींचा गोळा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. वितळला की त्यातलं गोठणरोधक द्रावण धुऊन काढायचं. नसबंदी केलेल्या नराबरोबर ठेवून जिचं शरीर गाभण असल्यासारखं वागायला लागलंय अशी मादी तयार ठेवायची, शस्त्रक्रिया करून तिच्या बीजवाहिनीत गर्भ सोडायचे, आणि मग तीनेक आठवडे वाट बघायची. इतकं करूनही सोडलेल्यांपैकी बरेच रुजत नाहीत. गटाराचं म्हणाल तर तिथे घुशी आधीच नांदतायत, महापालिका त्यांच्यासाठी रात्रपाळीचे मूषकसंहारक ठेवते. पिंजऱ्यात वाढलेला पंचवीस ग्रॅमचा उंदीर तिथे एक रात्र तरी काढेल का?

आता जनुकं बिघडतात हा दावा. हा वाचून मी खरंच हसले, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. बदल होतात ते जित्या उंदरांत. वर्षाला तीन-चार पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत काही नवे फेरफार, कुणाच्या नकळत. जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा काळा उंदीर म्हणजे सी-५७-ब्लॅक-६. त्याची एक शाखा १९५१ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून दुसऱ्या संस्थेत गेली आणि तिथे स्वतंत्र वाढली. आज मूळ शाखेत एनएनटी नावाचं जनुक तुटलेलं आहे, त्याचा संबंध इन्सुलिनशी. दुसऱ्या शाखेत ते शाबूत, पण तिच्यात डोळ्याचा पडदा बिघडवणारा दोष आहे. दोन्ही दिसायला काळेच. मधुमेहाच्या प्रयोगात कोणता वापरला हे लिहायला विसरलात की निकालाचा बट्ट्याबोळ. पिढ्यांगणिक जनुकांचं हे वाहत जाणं थांबवायचं म्हणून तर गोठवायचं. उणे १९६ ला पेशी विभागतच नाही, मग पिढी कुठली? आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सारानं गोठलेल्या गर्भाला इजा होईल का, हा प्रश्नही जुन्या लोकांनी तपासलाय : इंग्लंडमध्ये गोठवलेल्या उंदीर-गर्भांना सुमारे २००० वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतका मारा देऊन पाहिला, आणि १९८४ मध्ये लिहून ठेवलं की फरक पडला नाही. १९७२ मध्ये गोठवलेल्या गर्भांतून पहिली पिल्लं झाली तीही उंदराचीच. माणसाची पाळी नंतर आली.

जास्त उंदीर मारले जातात, हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. एखादी जात गोठवायची तर दोनशे ते पाचशे गर्भ लागतात, त्यासाठी माद्यांना इंजेक्शनं द्यायची आणि मग गर्भ काढताना त्या माराव्याच लागतात. हे काम मी केलंय, गोड शब्दांत सांगणार नाही. पण तीच जात पिंजऱ्यात चालू ठेवायची तर वर्षभर पिल्लावळ, तीही वर्षानुवर्षं, आणि ज्या पिल्लांत हवं ते जनुक उतरलं नाही ती कुणालाच नको असतात. त्यांचं काय होतं ते मेसेजमध्ये नाही. एकदाचे काही डझन, की न संपणारी रांग, हा हिशेब काकांनीच करावा.

पिंजऱ्यात रोग शिरला, पूर आला, तर जात कायमची जाते ते वेगळंच. २००१ मध्ये ह्यूस्टनला वादळात प्राणीगृह बुडालं आणि एकाच वैद्यकीय महाविद्यालयाचे तीस हजारांवर उंदीर गेले. २६ जुलै पाहिलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं.

राहिली हौस. सार्सच्या साथीनंतर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात माणसाचं एसीई-२ जनुक (सार्सचा विषाणू ज्याला चिकटून पेशीत शिरतो ते प्रथिन बनवणारं) घातलेला उंदीर तयार केला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तोवर सार्स ओसरला होता, उंदराला गिऱ्हाईक नव्हतं. त्याचं वीर्य गोठवून ठेवलं होतं (गर्भ नव्हे, हे मान्य, पण नायट्रोजन तोच). २०२० च्या सुरुवातीला कोविड आला, साधा उंदीर त्या विषाणूनं नीट आजारी पडेना, तेव्हा जॅक्सनवाल्यांनी ते वीर्य वितळवून काचनळीत फलन केलं आणि त्याच वर्षी ही जात पुन्हा उभी केली. मधली तेरा वर्षं ती पिंजऱ्यात पोसायला पैसे कुणी दिले असते?