आपत्ती-कराराच्या बैठकीला निघालेल्यांसाठी

अभिनंदन! आपत्तीग्रस्तांच्या संरक्षणाचा करार २०२७ संपायच्या आत करायचा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४मध्ये ठरवलं आणि आता देशाच्या वतीने तुम्ही मसुद्याला बसणार. जाण्याआधी मागच्या साथींचा अभ्यास तेवढा करा. डोकं चालवावं लागणार नाही, सगळं तयार आहे.

नियम कडक लिहा, पण दंडाचं कलम विसरा. २००५चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशी डावलून कुणी प्रवाशांची वाट अडवली, तर ४८ तासांत कारणासकट कळवायचं. नाही कळवलं तर? तर काही नाही.

खरं बोलणाऱ्याला मात्र लगेच धडा शिकवा. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ला कोरोनाच्या विषाणूचा नवा प्रकार (ओमायक्रॉन) सापडल्याचं कळवलं. लपवाछपवी नाही, टाळाटाळ नाही. नियमात लिहिलंय अगदी तसं. दोन दिवसांत ब्रिटन, युरोपीय संघ आणि अमेरिकेने त्या बाजूच्या प्रवाशांना दारं बंद केल्याचं जाहीरही केलं. पुढे नेदरलँड्सने जुने नमुने काढून बघितले, तर १९ तारखेच्या नमुन्यातच ओमायक्रॉन मुक्कामाला! अमेरिकेच्या यादीत मात्र आठच्या आठ देश दक्षिणेकडच्या आफ्रिकेतले राहिले. (नेदरलँड्सला त्यात घालणं बरं दिसलं नसतं.) पुढच्या वेळी कोण कळवतंय बघू.

घाईही नको. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाची खबर मार्च २०१४मध्ये आली, आंतरराष्ट्रीय आणीबाणी ८ ऑगस्टला जाहीर झाली. साथ संपेपर्यंत माणसं ११ हजारांच्या वर गेली.

मदतीबद्दल भरपूर लिहा, फक्त ती कुणाच्या गळ्यात पडणार नाही एवढं पाहा. गरीब देशांपर्यंतही कोरोनाची लस पोचवायला काढलेल्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेने २०२१अखेर २०० कोटी डोस वाटायचं ठरवलं होतं. निम्मेही पोचले नाहीत. मोठी भिस्त पुण्याच्या सीरमवर, आणि दुसरी लाट आल्यावर भारताने निर्यात रोखली. आपल्याकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव चाललेली असताना त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण लोकसंख्येच्या कित्येक पट डोस आधीच नावावर करून बसलेल्या कॅनडाकडे असली कुठली निकड होती?

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचा याच विषयावरचा २०१६चा मसुदा तर जपूनच ठेवा. बुडणाऱ्याने, आपल्याच्याने होत नसेल तर, हात मागायला हवा, असं त्यात बजावलंय. काठावरच्याने तो द्यायलाच हवा, असं कुठेही नाही.

आणि अडचणीचं सगळं परिशिष्टात ढकला. जागतिक आरोग्य संघटनेचा महासाथीचा करार मे २०२५मध्ये असाच पार पडला. समितीत १२४ मतं बाजूने, ११ तटस्थ, विरोधात एकही नाही. जिनिव्हात टाळ्यांचा कडकडाट. जंतूंचे नमुने देणाऱ्या देशाला बदल्यात लस कशी मिळणार, हे तेवढं परिशिष्टासाठी राखून ठेवलं आणि ते ठरेपर्यंत करार सह्यांसाठी खुला करायचा नाही, असंही ठरलं. तुम्हीही तेच करा. अभिनंदनाचं पत्रक मात्र आदल्या रात्रीच टाइप करून ठेवा.