लायरा आणि विलचा निरोप

किशोरांसाठीच्या फँटसी मालिकांचा शेवटचा भाग हमखास निराश करतो, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. फिलिप पुलमन यांच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या मालिकेचा शेवटचा भाग, 'द ॲम्बर स्पायग्लास' (२०००), वाचून बघा. दोन वेगळ्या जगांतून आलेल्या आणि एकमेकांच्या प्रेमात पडलेल्या लायरा आणि विलची ताटातूट वाचताना रडू येतं, पण लेखकाने फसवलं असं एकदाही वाटत नाही, कारण सगळे नियम आधीच मांडलेले असतात. परक्या जगात माणूस फार वर्षं तगत नाही. एका जगातून दुसऱ्यात जायला जादुई सुरीने कापलेल्या प्रत्येक खिडकीतून डस्ट, म्हणजे जाणिवेशी जोडलेले कण, गळते, शिवाय दर वेळी एक नवा स्पेक्टर, म्हणजे माणसांची जाणीव खाणारं भूत, जन्मतो. उघडी ठेवता येते ती एकच खिडकी, आणि ती मृतांच्या सुटकेसाठी लागणार असते. मग या दोघांच्या वाट्याला येतं काय? वर्षातून एकदा ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या त्याच बाकावर, आपापल्या जगात, तासभर बसणं. इतका न्याय्य आणि इतका जीवघेणा शेवट मी दुसरा वाचलेला नाही.

हॅरी पॉटरच्या सातव्या भागातलं (२००७) 'एकोणीस वर्षांनंतर'चं प्रकरण फिकं आहे, हे मान्य. पण हॅरी मरणाची तयारी ठेवून जंगलात चालत जातो, ते पान विसरून कसं चालेल?

खरा राग यावा तो सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या भागाचा, 'द लास्ट बॅटल'चा (१९५६). लिपस्टिक, नायलॉन आणि पार्ट्यांची आवड लागली म्हणून मालिकेतली एक नायिका सुझन नार्निया या जादुई देशाची मैत्रीण उरत नाही, आणि तिची बाजू कोणी विचारतसुद्धा नाही!