‘छोट्या टीमला कोडमॉड कशाला?’ या मेसेजला उत्तर

नाशिकच्या डेव्हलपर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: जावास्क्रिप्टचा जुना कोड बदलायला कोडमॉड स्क्रिप्ट (कोड आपोआप बदलणारा छोटा प्रोग्राम) लिहिणं हे मोठ्या कंपन्यांचं काम; पाच-सात जणांच्या टीमला एडिटरमधलं फाइंड-रिप्लेस पुरे; स्क्रिप्ट फॉरमॅटिंगची वाट लावते; आणि आता एआय आहेच. कॉलेज रोडवरच्या नवख्या टीमही हा सल्ला मनावर घेतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. तो नुकसानीचा आहे.

आधी फाइंड-रिप्लेस. समजा, बाजारभावाच्या ॲपमध्ये ‘गेटरेट’ नावाचं फंक्शन बाजार, पीक, तारीख अशी तीन आर्ग्युमेंट ओळीने घेतं. आता तिन्ही एका ऑब्जेक्टमध्ये द्यायची आहेत. सगळीकडे साधं ‘लासलगाव, कांदा, आज’ असतं तर रेजेक्स (अक्षरांचा साचा देऊन शोधायची पद्धत) चाललं असतं. पण कुणी तारखेच्या जागी दुसऱ्याच फंक्शनचा कॉल टाकलेला असतो, त्याच्या आत त्याचे कंस आणि स्वल्पविराम. कुठे कॉल चार ओळींत मोडलेला. कुठे कॉमेंटमध्ये तेच नाव, कुठे भलत्याच ऑब्जेक्टची त्याच नावाची मेथड. रेजेक्सला नुसती अक्षरं दिसतात. कोडमॉड चालवणारं जेएसकोडशिफ्ट हे साधन मात्र फाइल पार्स करून सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड, बनवतं, त्यामुळे कॉल तो कॉल, कॉमेंट ती कॉमेंट, आणि दुसरं आर्ग्युमेंट कितीही लांबलं तरी दुसरंच राहतं. नाव कोणत्या इम्पोर्टमधून आलंय ते मात्र आपोआप तपासलं जात नाही. ती तपासणी स्क्रिप्टमध्ये लिहावी लागते.

फॉरमॅटिंगचा आक्षेप निम्मा खरा. जेएसकोडशिफ्टच्या पोटात रीकास्ट हे कोड परत लिहिणारं साधन आहे. ते हात न लागलेला कोड जसाच्या तसा ठेवतं आणि बदललेला भाग तेवढा नव्याने छापतं. त्या भागात सिंगल कोटचे डबल झाले, तर ‘टूसोर्स’ला (ट्रीचा परत कोड करणाऱ्या फंक्शनला) कोटचा पर्याय द्या, उरलेलं प्रिटिअर हा फॉरमॅटर बघेल. खरी काळजी वेगळीच घ्यावी लागते: फाइलमधला पहिलाच इम्पोर्ट काढला, तर त्याच्या डोक्यावरची कॉमेंटही त्याच्याबरोबर जाते. ती स्क्रिप्टमध्येच जपून ठेवायची.

‘मोठ्या कंपन्यांचं काम’ हे तर मुळीच पटत नाही. जेएसकोडशिफ्ट फेसबुकने बनवलं, हे खरं. पण २०१५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. एप्रिल २०१७ मध्ये रिॲक्ट या यूआय लायब्ररीच्या १५.५ आवृत्तीने प्रॉपटाइप्स (कंपोनंटला मिळणाऱ्या माहितीचे प्रकार तपासणारे नियम) वेगळ्या पॅकेजमध्ये हलवले, तेव्हा जुना कोड बदलणारी तयार स्क्रिप्टही रिॲक्टच्या टीमनेच दिली होती. शिवाय रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे कोडची रचना सुधारण्यासाठी, काम थांबवणं छोट्या टीमलाच परवडत नाही. एकाने दोनशे फायली हाताने बदलायला घेतल्या की बाकीच्यांच्या ब्रँचशी मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांचे वेगळे बदल) ठरलेले. स्क्रिप्ट असेल तर आपली ब्रँच टाकून द्यायची आणि ताज्या मेन ब्रँचवर स्क्रिप्ट पुन्हा चालवायची. अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करताना प्रत्येक ग्राहकाची वेगळी कॉपी सांभाळावी लागत असेल, तर तीच स्क्रिप्ट प्रत्येक कॉपीवर चालते. हातची मेहनत अशी दुसरीकडे नेता येत नाही. बदल दहा-बारा ठिकाणीच असेल, तर मात्र खुशाल हाताने करा.

राहिला एआय. त्याच्याकडून दोनशे फायली बदलून घेतल्या, तर दोनशेही वाचाव्या लागतात, कारण एका फाइलमध्ये केलं तेच दुसरीत केलं असेल याचा भरवसा नसतो. त्याऐवजी त्याच्याकडून स्क्रिप्ट लिहून घ्या आणि ती ओळन्‌ओळ वाचा. मग ‘ड्राय’ आणि ‘प्रिंट’ हे पर्याय लावून चालवा: फायलींना धक्का न लागता बदललेला कोड टर्मिनलवर दिसतो, आणि शेवटी एरर, अनमॉडिफाइड, स्किप्ड, ओके असे चार आकडे येतात. एरर शून्य नसतील तर आधी पार्सर (कोड वाचून ट्री बनवणारा भाग) बघा. टाइपस्क्रिप्टच्या फायली असतील तर पार्सर आणि एक्स्टेन्शन दोन्ही कमांडमध्ये स्वतः लिहा.