‘काका, नॉस्टॅल्जिया पुरे’ या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या मेकॅनिकल कॅमेऱ्यांत ऑटो एक्स्पोजर (फिल्मवर किती प्रकाश पडावा हे कॅमेऱ्यानेच ठरवणं) घुसवू नये, या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय: ‘काका, नॉस्टॅल्जिया पुरे. फिल्म महाग झालीये, चुकलेल्या फ्रेमचे पैसे तुम्ही भरणार का? निकॉन एफएम३एमध्ये ऑटोही होतं आणि सेल नसले तरी तो चालायचा. शिवाय एफएम२चा फ्लॅश सिंक तुम्ही चुकीचा दिलाय.’

शेवटचं आधी घेतो. सिंक म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर स्पीड. १९८२च्या पहिल्या निकॉन एफएम२चा तो १/२०० सेकंद होता, १/२५० नंतर आला. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘काका’ कशासाठी? आपली ओळख ना पाळख. मुद्दा खोडायला समोरच्याचं वय काढावं लागतं का? आणि नॉस्टॅल्जिया असलेला माणूस कॅमेरा शोकेसमध्ये ठेवतो. माझा एफएम२ गेल्या रविवारी ठाण्यातल्या येऊरच्या चिखलात होता.

तो वडिलांचा. नौपाड्यातल्या घरी त्यांनीच मला त्यावर शिकवलं. एका वर्षी टेंभी नाक्याच्या दहीहंडीला भर पावसात त्याच्या सेलनी मान टाकली. प्रकाश मोजणारा मीटर बंद पडला, बस. कारण या कॅमेऱ्यात सेल लागतात ते फक्त मीटरला. एका सेकंदापासून १/४०००पर्यंतचे सगळे स्पीड स्प्रिंगवर चालतात. आभाळ भरलेलं, आत ४००ची फिल्म. अंदाजाने १/२५० स्पीड आणि एफ ५.६ अ‍ॅपर्चर लावलं. रोल धुऊन आला तेव्हा वरच्या थरावरच्या पोराच्या कोपरावरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसत होतं. त्याच सुमारास घेतलेल्या माझ्या ऑटो कॅमेऱ्याचं सर्किट पुढे गेलं. फोर्टातल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, पुन्हा मिटला आणि म्हणाला, बोर्ड मिळत नाही, शोभेला ठेवा. एफएम२ मात्र त्याच माणसाने त्याच टेबलावर साफ करून, तेल देऊन परत दिला. हे अनुभवून मी लिहितो. तुम्ही कोणता कॅमेरा किती वर्षं वापरलाय, तेही कळू द्या की.

एफएम३ए उत्तम कॅमेरा, वाद नाही. २००१ला आला, २००६ला बंद झाला. काय ते समजा. फिल्म महाग आहे, तर मीही तीच विकत घेतो. जपून दाबावं.

ऑटोच हवं असेल तर २०२४चा पेंटॅक्स १७ आहे, छत्तीसच्या रोलवर अर्ध्या आकाराच्या ७२ फ्रेम देतो. खुशाल घ्या. एफएम२ आहे तसा राहू द्या. आणि पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव लिहा, म्हणजे मलाही नावाने उत्तर देता येईल.