करंट गेला तेव्हा मागं ऐकू आलं का?

आमचा कट्टा म्हणजे बेळगावच्या शहापुरातल्या एका बंद दुकानाची पायरी. तिच्यावर चौघं मावतात, पाचवा आला की मी माझ्या टेम्पोच्या फाळक्यावर बसतो. परवा विषय निघाला तो अण्णाच्या धाकट्यावरून. त्याच्या शाळेनं यंदा गॅदरिंगमधलं नाटक काढून टाकलं, नुसते डान्स ठेवले. अण्णा खूष.

"बरं झालं. नाटकाच्या नावाखाली दीड-दोन महिने बुडतात. थोरल्याच्या वेळी बघितलंय की मी."

थोरल्याच्या वेळी म्हणजे डिसेंबर २०२२. झालं, मिटलेलं भांडण परत उकरून निघालं. कारण ते नाटक बसवलं होतं आमच्याच कट्ट्यावरच्या मास्तरांनी, आणि साउंड होतं माझं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "अण्णा, ती पोरं कशी आली होती माझ्याकडं, आठवतंय का तुला?"

आम्हाला आठवत होतं. मार्च २०२० ला कुलूप पडलं तेव्हा ती सहावीत होती. मग कर्नाटक सरकारचं विद्यागम आलं. शिक्षकांनी गल्लीत जाऊन शिकवायचं, मास्तर मारुतीच्या देवळापुढं पोरं बसवायचे. ऑगस्टात सुरू झालं आणि ऑक्टोबरात बंद. सातवीच्या शेवटाला जेमतेम महिनाभर शाळा उघडली, तोवर एप्रिलात दुसरी लाट. आपल्याकडं हायस्कूल आठवीपासून, म्हणजे जुन्या शाळेचा धड निरोप नाही, आणि २०२१ च्या सप्टेंबरात ही पोरं थेट नव्या शाळेत, मास्क बांधून, एका बाकावर एक. आवाज फुटलेले, मिशा फुटलेल्या, आणि शेजारच्या पोराचं नाक कसं आहे ते माहीत नाही.

"ते सगळं खरं," अण्णा म्हणाला. "म्हणूनच म्हणालोय. दोन वर्षं अभ्यास बुडाला, तर नववीत डबल अभ्यास पाहिजे. तुम्ही काय केलंत? माझ्या पोराला अपूर्णांकाचा भागाकार येत नव्हता आणि तुम्ही त्याला बगलेत कोंबडी देऊन एसटी स्टँडवर उभं केलंत."

नाटक तसंच होतं. न येणाऱ्या बसची वाट बघणारा स्टँड. मास्तरांनीच लिहिलेलं, वर्गातल्या चौतीसच्या चौतीस पोरांना एक तरी वाक्य. अण्णाचा थोरला त्यात म्हातारा होता.

खरं सांगायचं तर नाटक म्हणून ते काही फार ग्रेट नव्हतं. मधे लांबलं होतं, गावकऱ्यांचा प्रवेश उगाच होता. आणि गणिताचं अण्णा म्हणतो ते खोटं नाही. मास्तरही ते नाकारत नाहीत. पण मी तालमींना जायचो. धंदा नुकताच सुरू झाला होता. दोन वर्षं माझे बॉक्स गोडाऊनमध्ये पडून, केबली उंदरांनी खाल्लेल्या, मी टेम्पोतनं भाजी विकलेली. त्यामुळं कुठं माइक लावायला मिळतोय म्हटल्यावर मी फुकटसुद्धा जात होतो. आणि मला जे दिसलं ते अण्णाला दिसलेलं नाही.

पोरांना वाक्यं पाठ होती, पण कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. एकजण पुढं बघून आपलं वाक्य म्हणायचा, म्हणून झालं की मान खाली. दुसऱ्यानं काय विचारलं त्याच्याशी देणंघेणं नाही. मोबाइलवरच्या वर्गात सरांनी नाव घेतलं की माइक चालू, उत्तर दिलं की बंद, तसंच. आणि आवाज? हनुवटीच्या खाली येत नव्हता. मी मिक्सरवर गेन वाढवून वाढवून थकलो, शेवटी माइक शिट्टी मारायला लागला. हसू आलं तर हात तोंडावर. मास्क गेला तरी हात तिथंच.

मास्तरांनी मग एक केलं. पोरांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि सांगितलं, पुढच्याचं वाक्य संपलं हे कानानं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिला आठवडा नुसता गोंधळ. एकाच वेळी तिघं, नाहीतर कोणीच नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी एक प्रवेश न अडखळता गेला, आणि पोरं स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. मी तेव्हा केबल गुंडाळत होतो, तसाच थांबलो.

"गणितात टाळ्या नसतात," अण्णा म्हणाला.

इथवर बापू गप्प होता. बापू म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणून दर १ नोव्हेंबरला, काळ्या दिवशी, काळी फीत बांधून फेरीत पुढं. त्याचं दुखणं वेगळं. "मला त्या कंडक्टरच्या वहीचं अजून पटत नाही."

कंडक्टर झालेला पोरगा वडगावच्या मागवाल्याचा. लॉकडाउनमध्ये माग बंद पडले, इंग्रजी शाळेची फी झेपेना, म्हणून आठवीला त्याला मराठी शाळेत घातलेला. घरात मराठीच, पण वाचता येई इंग्रजी आणि कन्नड. देवनागरीत अडखळायचा. म्हणून पठ्ठ्यानं आपली सगळी मराठी वाक्यं कन्नड लिपीत उतरवून घेतली होती. मी ती वही बघितलीय. गोल गोल अक्षरं, आणि वाचायला गेलं की 'सुट्टे पैसे काढा ओ मावशी'.

"मराठी शाळा, मराठी नाटक, आणि वही कानडीत!"

"तोंडातनं काय येत होतं?" मामा म्हणाला. मामाचे स्वतःचे चार माग आहेत, तो त्या पोराच्या बाजूनं बोलणारच. "मराठीच की. वही खिशात होती."

"आज वही, उद्या शाळा."

"बापू," मास्तर म्हणाले, "अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले? गुर्लहोसूरचे. आपल्याच जिल्ह्यातले. १८८० ला शाकुंतल रंगभूमीवर आणणाऱ्या माणसाच्या कानावर लहानपणी कन्नड पडलं नसेल काय?"

"किर्लोस्करांना मधे आणू नका. बोर्डाचं काय झालं होतं ते सांगा."

बोर्डाचं झालं ते असं. पोरांनी पुठ्ठ्याची बस केली होती, तिला 'बेळगाव–कोल्हापूर' असा झकास बोर्ड. आणि सीमावाद पेटून ६ डिसेंबरला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. खऱ्याच एसट्या बंद झाल्या. स्टँडवर लोक खरोखरच न येणाऱ्या बसची वाट बघत उभे. शाळेनं घाबरून सांगितलं, बोर्ड काढा. बापूचं म्हणणं, काढायचा नव्हता. पोरांनी काय केलं, बोर्डावर लिहिलं 'प्रासंगिक करार'. गॅदरिंगला ती बस स्टेजवर आली आणि स्टँडवर न थांबता विंगेत निघून गेली. सगळं सभागृह फुटलं. बापूसुद्धा हसला होता, मी मिक्सरवरनं बघितलंय.

"हसलो असेन," बापू म्हणाला. "हसू आलं म्हणजे पटलं असं नाही."

"ते सोडा," अण्णा परत मुद्द्यावर. "एवढं सहा आठवडे आवाज-आवाज करून शेवटी काय? मधेच करंट गेला, तुझे माइक मेले, आणि मागं आम्हाला ढिम्म ऐकू आलं नाही."

हे मात्र मला झोंबलं. करंट गेला होता हे खरं. जनरेटरवाला बाहेर चहाला. चार-पाच मिनिटं पूर्ण अंधार. मी पुढं धावायला उठलो, पण पोरं थांबलीच नाहीत. एकमेकांचं दिसत नव्हतं, तरी एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. पाठीला पाठ लावून केलेलंच ते. मी मधल्या वाटेत उभा, मला शब्द न् शब्द कळत होता.

"तू मधे होतास. मी शेवटच्या रांगेत. काही कळलं नाही."

"कळलं असेल."

"अरे नाही म्हणतोय ना! आणि कळून तरी काय? आमचा शहाणा तर काहीच्या बाही बोलला. लिहिलेलं होतं, 'कोंबडीचं हाफ तिकीट काढलंय, तिला तरी पोचवा.' इथवर ठीक. पुढं म्हणतो, 'कंडक्टरसाहेब, अंधारात कोंबडी सुटली, धरा तिला!' हे कुठं होतं नाटकात? घरातनं जेवायला हाक मारली तर 'ओ' म्हणत नव्हतं पोरगं दोन वर्षं, आणि तिथं मनानं वाक्यं जोडतोय."

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. मी मामाकडं.

"अण्णा," मामा म्हणाला, "हे तो अंधारात बोलला."

"मग?"

"तू शेवटच्या रांगेत."

अण्णानं पायरीखाली थुंकल्यासारखं केलं, वॉच बघितलं, आणि चहावाल्याकडं वळून ओरडला, "ए, अजून पाच आण रे. आणि याच्या कपात साखर कमी, फार गोड बोलालाय."