म्हणे, घूं आवाज आला की अर्थिंग काढा!

भाच्याचा मेसेज आला: 'मामा, हे बघ, भारी आहे ना? आज प्रॅक्टिसला करून बघतो.' खाली एक चित्र, 'जुना बास अँप: सहा सोपे नियम'. हे चित्र आधी दोन ग्रुपवर फिरून गेलं होतं, तेव्हा दुर्लक्ष केलं. पण त्याच्या बँडला सध्या कुणीतरी जुना, दोन पिनांच्या प्लगचा फेंडर बासमन (बास गिटारचा आवाज मोठा करणारा अँप) वापरायला दिलाय. त्यामुळे पाचवा नियम वाचल्यावर आधी त्याला फोन लावला, 'हात लावू नकोस, मी येतो' म्हणून सांगितलं, आणि मग बाकीचं वाचलं.

नियम असे: सगळे नॉब मध्यावर म्हणजे पाचवर ठेवले की 'मूळ, फ्लॅट' म्हणजे काहीही न बदललेला आवाज मिळतो. व्हॉल्यूम पाचवर म्हणजे अर्धे वॉट. इनपुट 1 बासचं, 2 गिटारचं. प्रेझेन्स म्हणजे जादा ट्रेबल. घूं आवाज आला तर ग्राउंड स्विच उलटा करा, तरीही राहिला तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. आणि स्टँडबायवर (आतल्या ट्यूब तापतात, पण आवाज बंद) अर्धा तास तापवल्याशिवाय वाजवू नका.

पाचवा आधी घेतो. बाकीच्यांनी फार तर आवाज बिघडेल, याने माणूस जाईल.

1950च्या दशकातल्या अमेरिकन अँपना दोनच पिना असायच्या. अर्थिंग नाहीच. मग घूं कमी करायला एक जुगाड केलेला असे: चासीपासून, म्हणजे अँपच्या धातूच्या सांगाड्यापासून, एक कपॅसिटर (मेन्सचा थोडाच करंट जाऊ देणारा भाग), साधारण 0.05 मायक्रोफॅरडचा, स्विचमधून मेन्सच्या दोन वायरींपैकी एकीला जोडायचा. कुठल्या वायरीला, ते ग्राउंड स्विच ठरवतो. न्यूट्रलच्या बाजूला पडला तर घूं कमी होते, हे खरं आहे. नाइलाजाने कबूल करतो, स्विच उलटा केल्यावर फरक पडतो, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. पण फेजच्या बाजूला पडला तर अँपची चासी, चासीवरून केबलची जाळी, तिथून बासचा ब्रिज (तारा अडकवलेली धातूची पट्टी) आणि शेवटी तुमच्या बोटांखालच्या तारा, असा सगळा रस्ता त्या कपॅसिटरमार्फत फेजला जोडला जातो. कपॅसिटर धड असेल तर 120 व्होल्टवर दोनेक मिलिअँपिअर वाहतील, म्हणजे झिणझिण्या. पण साठ वर्षांचा कपॅसिटर आतून शॉर्ट झाला की मधे काहीच उरत नाही. तंत्रज्ञ त्याला 'डेथ कॅप' म्हणतात ते गंमत म्हणून नाही.

गेल्यावर मल्टिमीटर लावला. एक टोक बासच्या ब्रिजला, दुसरं गायकाच्या माइकच्या जाळीला. स्विच एका बाजूला असताना आकडा नगण्य, दुसऱ्या बाजूला शंभरच्या वर. यातला बराचसा नुसता मीटरला दिसणारा, कपॅसिटरमधून गळणारा व्होल्टेज होता, मान्य. पण बास गळ्यात घालून गाणारा माणूस ओठ त्याच जाळीला लावतो. 1972 साली वेल्समधल्या स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच विजेच्या झटक्याने गेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाला. आणि हे चित्रवाले तर असलेली पिनसुद्धा काढायला सांगतात! दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारी घूं असेल तर डीआय बॉक्सवरचं (बासचा सिग्नल मिक्सरला नेणाऱ्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्ट वापरावं. ते सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, मेन्सचं अर्थिंग नाही.

आता 'सगळं पाचवर'. याचं मला हसू आलं, कारण चित्रात फोटो आहे तो 1950च्या दशकाच्या शेवटच्या बासमनचा, आणि त्याच्या पट्टीवर आकडे 1 ते 12 आहेत. मध्य साडेसहावर येतो हो! ज्याने स्वतःच्या चित्रातले आकडे वाचले नाहीत त्याने इतरांना नॉब शिकवावेत?

बरं, खऱ्या मध्यावर ठेवले तरी फ्लॅट नाहीच. या अँपचं सर्किट, 5एफ6-ए, कुणालाही बघायला मिळतं. ब्रिटिश कंपनी मार्शलचा पहिला अँप, जेटीएम 45, जवळजवळ याच सर्किटवरून उतरवलेला. त्यात ट्रेबल, बास, मिडल हे तीन स्वतंत्र नळ नाहीत. 250 के, 1 मेग आणि 25 के ओहमचे तीन पॉट (नॉब फिरवला की रेझिस्टन्स बदलणारे भाग) एकाखाली एक एकाच साखळीत आहेत. एक हलवला की बाकीच्या दोघांचं वागणं बदलतं. आणि साखळी पॅसिव्ह आहे, म्हणजे ती काही वाढवत नाही, फक्त कापते. बास 'वाढवला' म्हणजे बास कमी कापला. सगळे मध्यावर ठेवले की मधल्या पट्ट्यात चांगला खड्डा पडतो. सगळ्यात सपाट आवाज हवा असेल तर बास शून्य, ट्रेबल शून्य आणि मिडल पूर्ण. ऐकायला विचित्र वाटतं, पण गणित तेच सांगतं.

भाच्याला पटेना. म्हटलं, तिन्ही शून्यावर आण. आणले. अँप चालू, व्हॉल्यूम वर, आणि स्पीकरमधून जवळजवळ काहीच नाही. सिग्नल सरळ ग्राउंडला गेला. 'आता फक्त मिडल फिरव.' फिरवला आणि आवाज उगवला. चमक नाही, पण भरीव. 'अरे, हा तर माझा बासच!' म्हणाला. तो स्वतःचा बास पहिल्यांदाच ऐकत होता. आता याच सेटिंगवर वाजव असं मी म्हणत नाही. खड्ड्याचा आवाजही गोड असतो. फक्त त्याला 'मूळ' म्हणू नका.

बाकीचे नियम पटकन उरकतो. व्हॉल्यूमचा पॉट कानाच्या हिशोबाने बनवलेला असतो, अर्ध्या फेरीत अर्धा रेझिस्टन्स येत नाही. जोरकस बास लावला तर अँप अर्ध्या फेरीआधीच जवळपास पूर्ण ताकदीला पोचतो, पुढे मिळतो तो बहुतेक फाटका आवाज. शिवाय अर्धे वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल कमी, कानाला किंचितच फरक.

इनपुट 2 म्हणजे 6 डेसिबल कमी, बस. जोरकस अ‍ॅक्टिव्ह बास (आत बॅटरीचं सर्किट असलेला) तिथे लावणं शहाणपणाचं, पण गिटारशी त्याचा काही संबंध नाही. प्रेझेन्स पॉवर विभागाच्या निगेटिव्ह फीडबॅकमधून (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देऊन गेन दाबणाऱ्या वाटेतून) वरच्या फ्रिक्वेन्सी कमी करतो, म्हणून तिकडे गेन वाढतो. कानाला तो ट्रेबलसारखा वाटतो खरा. अर्धा गुण देतो.

स्टँडबायला मिनिटभर पुरतं. उलट ट्यूब तापलेली ठेवून तासन्‌तास करंट वाहू दिला नाही तर तिचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, कॅथोडच खराब होतो.

अँप त्याच आठवड्यात तंत्रज्ञाकडे नेला. तीन पिनांची वायर आली, चासी अर्थिंगला जोडली, त्या कपॅसिटरचा एक पाय कापला. ग्राउंड स्विच आता शोभेला आहे, खालीवर केला तरी काही होत नाही. तरी भाच्याने फोन केलाच, 'मामा, थोडी घूं आहे अजून.' विचारलं, जॅझ बासचा (त्याच्या बासचा) एकच पिकअप उघडा आहे का? होता. एकटा पिकअप आसपासची घूं पकडतो, आणि किती पकडेल ते बासच्या दिशेवर ठरतं. म्हटलं, बास घेऊन जागच्या जागी पाव फेरी फिर. फिरला आणि म्हणाला, 'गेली.'