रात्रीचा भात सकाळपर्यंत रक्तात पडून राहत नाही

शिमग्यापासून आमच्या वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपांवर मधुमेहाचा एक मेसेज फिरतोय. मला तो सात जणांनी पाठवला, त्यात माझी आईही आली. मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: सकाळी उपाशीपोटी साखर जास्त येते, कारण रात्रीचा भात रक्तात तसाच पडून असतो. स्वादुपिंडाचं काम एकच, इन्सुलिन बनवायचं, आणि ते आता थकलंय. म्हणून रात्रीचं जेवण बंद करून त्याला विश्रांती द्या, २१ दिवसांत साखर जागेवर येईल. मध्येच साखर कमी झाली तरी घाबरू नका, यकृत आपोआप साखर सोडतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण त्यातलं शेवटचं वाक्य काय करू शकतं ते मी शेजारच्या घरात पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

“रात्रीचा भात रक्तात पडून असतो.”

निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात कुठल्याही क्षणी साखर असते ती सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. साखर २०० असेल तर दोन चमचे. आठ वाजता जेवलेला भात चार-पाच तासांत पचून रक्तातून पुढे गेलेला असतो. मग पहाटे बोटातून निघणारी साखर येते कुठून? यकृतातून. आपण पावसाळ्याआधी सुकी मासळी, आमसुलं, कुळीथ यांची बेगमी करतो, तसं यकृत साखरेची बेगमी करून ठेवतं, साधारण १०० ग्रॅमपर्यंत. रात्री आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागतच असते, तेव्हा यकृत त्यातून तासाला ६-७ ग्रॅम सोडत राहतं. शिवाय इतर पदार्थांपासून नवी साखर घडवतं, ती वेगळी.

आईने हा मेसेज वाचून पाच रात्री जेवण सोडलं. ती मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेते, त्यामुळे साखर एकदम घसरण्याचा तसा धोका नव्हता. सकाळचे आकडे १६८, १६१, १७२ असेच येत राहिले. पोटात भात नव्हता, तरी साखर होतीच. मग यकृताला इतकी साखर सोडायला सांगतं कोण, हा खरा प्रश्न आहे, आणि मेसेजने नेमका तोच सोडून दिलाय.

“स्वादुपिंडाचं काम एकच.”

हे तर सरळ चूक. पाचक रस तर ते बनवतंच, पण साखरेपुरतं बोलायचं तरी त्याची कामं दोन आहेत. स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात. पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये ती पाहिली, म्हणून त्याच्याच नावाने ओळखली जातात. या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि त्यांना खेटून असलेल्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. टोरांटोत इन्सुलिन हाती लागलं १९२१ मध्ये. ग्लुकॅगॉन दोनच वर्षांनी, १९२३ मध्ये किम्बल आणि मर्लिन यांना सापडलं, पण लोकांच्या तोंडी ते कधी आलंच नाही. इन्सुलिन साखर पेशींत भरतं आणि यकृताला म्हणतं, थांब. ग्लुकॅगॉन म्हणतं, बेगमी काढ.

निरोगी माणूस भात जेवला की इन्सुलिन वाढतं आणि ग्लुकॅगॉन खाली जातं. अल्फा पेशींना गप्प करण्यात शेजारच्या बीटा पेशींतून झिरपणाऱ्या इन्सुलिनचा मोठा वाटा असतो. त्याच बेटांवरच्या डेल्टा पेशींचं सोमॅटोस्टॅटिन नावाचं संप्रेरकही (हार्मोन) त्यांना आवरतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा त्याचं कोणी ऐकत नाही, आणि अल्फा पेशी आवरत नाहीत. जेवण झालं तरी ग्लुकॅगॉन उतरत नाही, कधी उलट चढतं. बाहेरून भात येतोय आणि घरातून बेगमीही निघतेय, अशी दुहेरी भर पडते. संशोधक रॉजर अंगर यांनी १९७० च्या दशकात हेच ठासून मांडलं: मधुमेह हा एका नव्हे, दोन संप्रेरकांचा बिघाड आहे. आज ग्लिप्टिन गटातल्या ज्या गोळ्या अनेकांच्या डब्यात आहेत, त्यांच्या कामाचा एक भाग ग्लुकॅगॉन खाली आणण्याचाच आहे. मेटफॉर्मिन यकृताचं साखर सोडणं कमी करतं.

“जेवण बंद करा, स्वादुपिंडाला विश्रांती मिळेल.”

उपाशी राहिलं की ग्लुकॅगॉनचं काम वाढतं, कारण उपासासाठीच तर ते आहे. रात्री भात बेताने खा, लवकर जेवा, हे मान्य. मीसुद्धा आईला तेच सांगते. पण कमी खाणं वेगळं आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवणारी गोळी घेऊन काहीच न खाणं वेगळं.

“साखर कमी झाली तर यकृत आपोआप सोडतं.”

शेजारच्या तात्यांना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. संध्याकाळी इन्सुलिन टोचतात. त्या दिवशी टोचलं आणि मेसेजप्रमाणे जेवले नाहीत. रात्री दोनला काकूंची हाक आली, “गो बाय, ह्येंका काय झालां बघ!” तात्या पलंगावर बसून चादरीचं टोक चुरगाळत होते, मला माझ्या आजीच्या नावाने हाक मारत होते. हात थरथरत नव्हते, अंगावर घाम नव्हता. ग्लुकोमीटरवर ४१.

मग यकृताने साखर सोडून सावरलं कसं नाही? साखर घसरली की बेटावरचं इन्सुलिन आधी थांबतं, आणि ते थांबणं हीच अल्फा पेशींसाठी हाक असते. तात्यांच्या बीटा पेशी बऱ्याचशा संपल्यात. जे इन्सुलिन आहे ते सुईतून आलेलं, साखर ४१ झाली म्हणून ते थांबत नाही. मग अल्फा पेशींना हाक जात नाही, त्या जिवंत असूनही उठत नाहीत. टाइप १ मध्ये हे आजार सुरू झाल्यावर काही वर्षांतच होतं. टाइप २ मध्ये स्वतःचं इन्सुलिन आटत जातं तसं होत जातं. म्हणजे साखर जास्त असताना जे ग्लुकॅगॉन गप्प बसत नाही, तेच साखर कमी असताना वेळेवर येत नाही. त्यानंतरचा आधार अॅड्रिनलिनचा. थरथर, घाम, धडधड त्याच्यामुळे होते. पण साखर वरचेवर घसरत असेल तर तीही सूचना बोथट होते. तात्यांना म्हणूनच काही कळलं नाही.

तात्यांना गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ६३. पुन्हा तेवढीच साखर, मग ९२, आणि वर वाटीभर पेज. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि लगेच दवाखाना गाठा, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही असतं, पण ते यकृतातलीच साखर बाहेर काढतं. दिवसचे दिवस उपाशी राहून बेगमी संपवलेली असेल तर तेही धड काम करत नाही.

आता डॉक्टरांनी तात्यांचा डोस बदललाय. साडेसातला ते बांगडा-भात जेवतात, भात मोजून दोन डाव. झोपायच्या आधी साखर बघतात आणि उशाशी साखरेची डबी असते. सातही जणांना मी हे पाठवलंय. आईला समोर बसवून वाचून दाखवलं, तेव्हा तिने तो मेसेज जिथे जिथे पुढे ढकलला होता ती नावं मला एकेक करून सांगितली. अकरा निघाली.